मनगटावरचा निळा गोफ

वर्ना पिंकमला कुणी विचारलं, "सध्या काय चाललंय?" की तिचं उत्तर ठरलेलं असायचं. "दहा महिने वाट बघते आणि दोन महिने गोफ विणते." ऐकणारा हसायचा, कारण हे सांगताना तिचा चेहरा अगदी कोरा असायचा. पण ती थट्टा करत नसे. नवरा अर्ल जाऊन अकरा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, आणि अमेरिकेतल्या मेन राज्याचा हिवाळा एकट्या बाईला किती लांब वाटतो ते जिचं तिलाच ठाऊक. शनिवारी संध्याकाळी चर्चच्या तळघरात घेवड्याचं जेवण असायचं, तेवढीच काय ती माणसांत ऊठबस. बाकी चूल, रेडिओ आणि खिडकीबाहेरचा बर्फ.

गावच्या तळ्याच्या पूर्वेला विन्स्लोबाईंचा मुलींचा कॅम्प होता. जून संपत आला की न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीहून बसा भरभरून मुली यायच्या, आठ आठवडे राहायच्या, आणि ज्या पहिल्या दिवशी घरी जायचं म्हणून रडत त्याच शेवटच्या दिवशी इथून जायचं नाही म्हणून रडत. वर्ना त्यांना हस्तकला शिकवायची. हस्तकला म्हणजे कागदावर पुष्कळ काही होतं, टोपल्या, मणी, साबणावरचं कोरीवकाम. खऱ्यात मुली एकाच गोष्टीसाठी तिच्या खोलीत गर्दी करायच्या, आणि ती म्हणजे प्लास्टिकचा गोफ. एकोणीसशे एकाहत्तरचा उन्हाळा वर्नाचा तिथला चोविसावा.

हा गोफ ज्या चपट्या, चकचकीत पट्टीचा करतात तिला आमच्याकडे गिंप म्हणतात. रिळावर गुंडाळून येते, हव्या त्या रंगात मिळते. दोन पट्ट्या मधोमध एकमेकींवर आडव्या-उभ्या ठेवल्या की चार टोकं होतात. समोरासमोरच्या दोन टोकांचे फास करायचे, उरलेली दोन त्या फासांतून खाली-वर घालून काढायची आणि मग चारही टोकं एकदम ओढायची. मधे इवलासा चौकोन बसतो. त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. ऐकायला सोपं आहे. कॉलेजात शिकलेल्या पोरी, ज्या उन्हाळ्यात देखरेखीला यायच्या, त्यांना तर हा लहान मुलांचा चाळा वाटायचा. बसा म्हणावं एकदा आणि दाखवा वीतभर सरळ विणून. एक टोक जरा जास्त ओढलं गेलं की चौकोन तिरपा बसतो, आणि मग त्याच्या डोक्यावर बसणारे सगळेच तिरपे.

"ओढू नका ग," वर्ना सांगायची. "बोलावून घ्या. चौघींना सारखंच बोलवायचं, नाहीतर एक रुसते आणि सगळं घर वाकडं करते."

ही समज तिच्या हातात आली होती बुटांच्या कारखान्यात. विशीत लागली ती बावीस वर्षं तिनं मोकॅसिन या मऊ चामडी बुटांचे हातटाके घातले. दोन्ही हातांत सुया, मेण लावलेला दोरा, आणि दोन्हीकडून नेमकी सारखी ओढ. पुढं त्या कामाला यंत्रं आली आणि हात रिकामे झाले. त्याच वर्षी थोरल्या विन्स्लोबाईंनी तिला कॅम्पात बोलावलं. तेव्हापासून वर्नाला कुणी रिकाम्या हातांनी बसलेलं पाहिलं नाही. ती तुमच्याकडे बघत, तुमच्याशी बोलत, तुमची फिरकी घेत विणायची, आणि तुम्ही निघेपर्यंत शिट्टीचा अख्खा गोफ तयार असायचा.

पण वर्नाचं खरं मानाचं काम वेगळं होतं. थोरल्या बाईंनी एक रीत घालून दिली होती. कॅम्पात आलेल्या प्रत्येक मुलीची पहिल्याच आठवड्यात पोहण्याची परीक्षा व्हायची. जिला जमलं नाही तिच्या मनगटाला हिरवा-पांढरा गोफ. तिनं पाण्यात बांधलेल्या दोराच्या आत, जिथं पाय टेकतात तिथंच राहायचं. जिला जमलं तिला निळा-पांढरा. निळीनं दोरापलीकडं जावं, तराफ्यापर्यंत पोहावं, तिथं पाणी तीन पुरुष खोल. रोज तीनला घंटा झाली की मुली धक्क्यावर रांगेनं उभ्या राहून डावा हात वर करायच्या. ज्या मुली निळ्या, त्या उजवीकडे. हिरव्या, त्या डावीकडे. एवढ्या सगळ्या मुली, सगळ्यांचे एकसारखे गडद पोशाख, सगळ्यांच्या डोक्यावर एकसारख्या पांढऱ्या टोप्या. नावं कोण लक्षात ठेवणार? मनगट सांगेल ते खरं. आणि मनगटावर तो गोफ बांधायचा फक्त वर्नानं. बोटभर वीण, बाकीची टोकं मनगटाभोवती फिरवून अशी गाठ, की कात्रीशिवाय निघू नये. चोवीस वर्षांत दुसऱ्या कुणाच्या हातची गाठ त्या कॅम्पात बांधली गेली नाही, आणि याचा वर्नाला अभिमान होता. का नसावा?

आता सांगायचं ते हे, की त्या उन्हाळ्यात वर्नाला निळा आणि हिरवा वेगळे दिसत नव्हते.

बर्फ वितळायच्या आधीच सुरुवात झाली होती. सगळं जग चहातून गाळून आल्यासारखं पिवळट दिसायला लागलं. मग दूरची माणसं पुसट झाली. मोतीबिंदू, दुसरं काय? तिच्या आईलाही झाला होता. आईचं ऑपरेशन झालं, ते बिघडलं, आणि उरलेली नऊ वर्षं ती खिडकीपाशी बसून बाहेर काय चाललंय ते दुसऱ्यांना विचारत राहिली. म्हणून वर्ना डॉक्टरकडे गेली नाही. सप्टेंबरात बघू, असं तिनं स्वतःला सांगितलं. सप्टेंबरात काय बघणार होती देव जाणे.

कुणाला सांगितलं नाही त्याचं कारणही साधं होतं. बोटींकडे बघणारा म्हातारा ओटिस एकतीस वर्षं कॅम्पात होता. आदल्या वर्षी त्याला ऐकू येईनासं झालं, ते ऑड्रीला कळलं. ऑड्री म्हणजे थोरल्या बाईंची मुलगी, आई गेल्यावर कॅम्प तीच चालवायची. तिनं केक कापला, ओटिसला भिंतीवरचं घड्याळ दिलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या जूनमध्ये ओटिस आपल्या घराच्या पायऱ्यांवर बसून रस्त्यावरच्या गाड्या बघत होता. ऑड्री वाईट नव्हती हो. ऐंशी लोकांनी आपल्या लेकी तिच्या भरवशावर पाठवलेल्या, तिनं तरी काय करावं? पण वर्नाला घड्याळ नको होतं. तिला ती खोली हवी होती. गिंपचा वास, लाकडी बाकं, आणि 'मावशी, माझं वाकडं झालं' म्हणत गळ्यात पडणाऱ्या पोरी. तेवढंच तिच्याकडं उरलं होतं, आणि ते गेलं तर दहा महिने वाट तरी कशाची बघायची, हा विचार तिला झोपू देत नसे.

म्हणून वर्नानं युक्त्या केल्या. रिळांना जागा ठरवल्या. निळं डाव्या खिळ्याला, हिरवं उजव्या. जूनमध्ये दुकानदारानं नाव घेऊन एकेक रीळ हातात दिलं होतं, तेव्हापासून ती जागेवरच होती. बाकीच्या रंगांसाठी तिनं खेळ काढला. मुलगी आली की म्हणायची, "कोणता हवा? बोट दाखव. नाव सांग. मोठ्यांदा." मुलींना वाटायचं, मावशी आपली गंमत करतेय. सहा आठवडे असे सुरळीत गेले. एकदोनदा वेळ मारून न्यावी लागली, पण वर्नाची जीभ तिच्या बोटांइतकीच चलाख होती, निभावलं.

ऑगस्टच्या पहिल्या बुधवारी टपालानं नवी रिळं आली. निळं संपत आलं होतं, हिरवंही. वर्नानं दार लावून घेतलं आणि खोकं उघडलं. रिळांवर कागदाच्या पट्ट्या होत्या, त्यावर रंगाचं नाव मुंगीएवढ्या अक्षरात. चष्मा लावून, चष्मा काढून, खिडकीपाशी नेऊन, नाकाला टेकवून झालं. अक्षर काही लागेना. बाहेर पायऱ्यांवर पाचसहा मुली बसल्या होत्या. दार उघडून "नाव सांग ग" म्हटलं असतं तरी चाललं असतं, तो खेळ होताच की. पण त्या दिवशी तिला स्वतःचाच राग आला होता. चोवीस वर्षं हेच केलं आणि आता हेही कळू नये? एक रीळ तिला किंचित काळपट वाटलं. हे निळं, तिनं ठरवलं. ते डाव्या खिळ्याला लावलं, दुसरं उजव्या, आणि कागदाच्या पट्ट्या फाडून टाकल्या.

शुक्रवारी जेवणानंतर सगळ्या मुली झोपायच्या खोल्यांत पडलेल्या असताना रोझॅन आली. नऊ वर्षांची, न्यू जर्सीची, हडकुळी. ही पाण्याला भ्यायची. पाय टेकेनासे झाले की हातपाय मारायचेच थांबवायची. परीक्षेत दोनदा तिला बांबू देऊन ओढून काढावं लागलं होतं. बाकीच्या तिला 'दगड' म्हणायच्या. त्यामुळे ती जमेल तेव्हा वर्नाच्या खोलीत येऊन बसायची.

"मावशी, माझा गोफ तुटला."

"तुटला की खाल्लास?"

"थोडा खाल्ला. मग तुटला."

"जेवायला घालत नाहीत वाटतं तिकडं. बस. हात दे."

वर्नानं उजव्या खिळ्यावरनं पट्टी कापली, पांढरी कापली, आणि विणायला घेतलं. विणताना ती रोझॅनला विचारत होती, घरून पत्र आलं का, भावाचा दात पडला का. रोझॅन आधी बोलत होती. मग बोलायची थांबली आणि वर्नाच्या बोटांकडे टक लावून बघत राहिली. दहा मिनिटांत बोटभर वीण झाली. वर्नानं टोकं मनगटाभोवती फिरवली आणि गाठ आवळली.

"मावशी, हा..."

"काय ग? घट्ट झाला?"

"नाही," रोझॅन म्हणाली. "काही नाही."

आणि तिनं एकदम वर्नाच्या गळ्याला मिठी मारली. इतकी घट्ट, की वर्नाचा चष्मा वाकडा झाला. मग ती पळत गेली. वर्ना कितीतरी वेळ स्वतःशीच हसत होती. साध्या गोफाचं एवढं कौतुक, घरची आठवण येत असेल बिचारीला, असं तिच्या मनात आलं.

पावणेतीनला आणखी तिघी आल्या. पोहणं शिकवणाऱ्या गेलकडे सकाळीच पुन्हा परीक्षा देऊन पास झालेल्या, नाचत आल्या. सगळ्यात पुढं बेट्सी, बारा वर्षांची, तोंडाळ.

"मावशी, तिघींना निळा! गेलनं सांगितलंय. हिरवा काप आणि फेकून दे."

वर्ना डाव्या खिळ्याकडे वळली, वीतभर पट्टी ओढली आणि कात्री लावली.

"मावशी, तो हिरवा आहे," बेट्सी म्हणाली.

"माहीत आहे मला," वर्ना म्हणाली. "पोहण्याची परीक्षा झाली, म्हटलं डोळ्यांची पण घेऊ. पास."

तिघी खिदळल्या. वर्नाही हसली, सवयच होती. आणि मग तिनं उजव्या खिळ्याकडे पाहिलं. डाव्या खिळ्याला हिरवं, तर उजव्याला निळं. आणि उजव्यातलं कापून दीड तासापूर्वी कुणाच्या हातात बांधलं?

"जा, आधी पोशाख घालून या," ती म्हणाली. "आजच्या दिवस हिरव्यावर भागवा."

"अगं पण मावशी..."

"जा म्हटलं ना."

मुली कुरकुरत गेल्या. तीनला दहा मिनिटं होती. रोझॅनची मिठी आता वर्नाच्या मानेला टोचायला लागली. पोरीला दिसलं होतं. पहिल्या टाक्यालाच दिसलं होतं, म्हणून तर बोलायची थांबली. आणि आता ती धक्क्यावर जाऊन हात वर करणार, आणि उजवीकडे जाणार.

वर्नानं डावीकडचं रीळ खिळ्यावरून उतरवलं, पांढरंही घेतलं, दोन्ही एप्रनच्या खिशात कोंबली आणि कात्री घेऊन ती निघाली. खाली जायची वाट पाइनच्या मुळांनी भरलेली, एरवी ती जपून उतरायची. आज नाही. उतरता उतरता तिचं डोकं मात्र थंडपणे चाललं होतं, आणि याची तिला नंतर लाज वाटली. कुणाला काही सांगायची गरजच काय? गाठ सैल राहिली म्हणायचं, पोरीला बाजूला घ्यायचं, निळा कापायचा, हिरवा बांधायचा. दहा मिनिटांचं काम. पोर वाचली, खोलीही वाचली.

घंटा झाली. धक्क्यावर पांढऱ्या टोप्यांची रांग होती. त्यातली एकही टोपी तिला ओळखता येईना. पोहण्याची सगळी जबाबदारी गेलवर होती. वीस वर्षांची दांडगी मुलगी, गळ्यात शिट्टी. ती शिट्टी तोंडाला लावतच होती.

"गेल, थांब जरा," वर्नानं दम खात हाक मारली. "रोझॅनची गाठ सैल राहिलीय. पाठव तिला इकडं."

रांगेच्या अगदी शेवटी, दोन उंच मुलींच्या मागून एक टोपी बाहेर आली. वर्ना तिला किनाऱ्यावरच्या पाइनखाली घेऊन गेली. रोझॅननं डावा हात पाठीमागं धरला होता.

"दाखव बघू."

"सैल नाहीये."

"रोझॅन."

"नाहीये सैल. मी ओढून बघितलाय." तिचा आवाज चिरकला. "मावशी, काढू नकोस ना. मी जाणार आहे आज. नक्की जाणार आहे. गेल म्हणते मला जमणार नाही, सगळ्या म्हणतात मी दगड आहे. तूच एकटी... तुला वाटलं ना मला जमेल? म्हणून दिलास ना निळा, न सांगता?"

वर्नानं कात्री खाली घेतली. हे तिच्या हिशेबात नव्हतं. तिला वाटलं होतं पोरीनं लबाडी केली, चूक दिसली आणि गप्प बसली. आणि पोरीला वाटलं होतं ही चूकच नाही.

"काय झालंय इथं?" ऑड्रीचा आवाज आला.

ऑड्री शुक्रवारी पोहणं बघायला यायची, हे वर्ना विसरलीच होती. ऑड्री जवळ आली. रोझॅननं हात आणखी मागं नेला, आणि नेमका तोच ऑड्रीनं हळूच पुढं घेतला.

"निळा?" ऑड्री म्हणाली. "रोझॅन, तुझा तर हिरवा होता. हा कुठून आणलास?"

रोझॅननं वर्नाकडे पाहिलं आणि तोंड घट्ट मिटलं.

"वर्ना मावशी खोलीत नसताना घेतलास का? खरं सांग. ओरडणार नाही मी. पण हे किती धोक्याचं आहे कळतंय का तुला? खोल पाण्यात गेली असतीस तर?"

रोझॅन गप्प. डोळ्यांत पाणी, पण बोलेना. आपण बोललो तर मावशीला बोलणी बसतील, एवढं त्या नऊ वर्षांच्या जिवाला कळलं होतं. आणि वर्नाला कळलं की आता तिला खोटंसुद्धा बोलायला नको. फक्त गप्प बसायचं. पोरीला दोन शब्द ऐकावे लागतील, घरी चिठ्ठी जाईल, आणि पुढच्या जूनमध्ये खोलीची किल्ली पुन्हा आपल्या हातात. गप्प बसायला काय लागतं?

"तिनं घेतला नाही," वर्ना म्हणाली. "मी बांधला. दीडच्या सुमाराला, माझ्या हातानं."

"तुम्ही? निळा? हिला?"

"मला तो हिरवा वाटला. मला निळा-हिरवा कळत नाही, ऑड्री. बर्फ होता तेव्हापासून कळत नाही. खिळ्यावरच्या जागेवरून ओळखत होते. बुधवारी नवी रिळं आली, ती मी उलटी लावली."

धक्क्यावर गेलनं शिट्टी वाजवली, मुली हात वर करून उभ्या राहिल्या असतील. वर्नाला फक्त पांढरे ठिपके दिसत होते.

"सहा आठवडे," ऑड्री म्हणाली. "सहा आठवडे तुम्ही न बघता बांधताय, आणि मी त्या मनगटांच्या भरवशावर मुली पाण्यात सोडतेय. वर्ना, मला एका शब्दानं सांगायचंत."

"सांगितलं असतं तर तू केक कापला असतास."

ऑड्रीचा चेहरा पडला. ती रागावली असती तर वर्नाला बरं वाटलं असतं. ती रागावली नाही. तिनं वर्नाच्या खांद्यावर हात ठेवला, आणि त्या हातावरून वर्नाला सगळं समजलं.

"हा ऑगस्ट तुम्हीच पुरा करा," ऑड्री म्हणाली. "पट्टी मात्र गेल कापून देईल, तुम्ही विणा. आणि पुढच्या जूनचं..."

"कळलं मला. आणि घड्याळ नको देऊस. एक आहे घरी."

ऑड्री धक्क्याकडे गेली आणि गेलशी हलक्या आवाजात बोलू लागली. बहुतेक प्रत्येक मनगट वहीतल्या नावाशी ताडून बघायला सांगत असावी.

वर्ना पाइनच्या मुळावर बसली. चोवीस उन्हाळे एका वाक्यात संपले होते, आणि ते वाक्य तिनं स्वतःच म्हटलं होतं. रडू येईल असं तिला वाटलं, पण आलं नाही. समोर रोझॅन अजून तशीच उभी होती.

"म्हणजे तुला तसं वाटलं नव्हतं," रोझॅन म्हणाली.

"कसं?"

"मला जमेल असं."

खोली जाण्यापेक्षा हे वर्नाला जड गेलं. एक गोड थाप मारली असती तर पोर खूश झाली असती. पण आज एवढं बोलून झाल्यावर थाप जिभेवर येईना.

"नाही ग बाई," ती म्हणाली. "मला फक्त रंग दिसला नाही. तुला जमेल की नाही ते मला माहीतच नाही. मला इथून तळं दिसतं, पण तळ्यातली माणसं दिसत नाहीत. तू बुडतेस की पोहतेस, मला काय कळणार?"

रोझॅन वर्नाशेजारी मुळावर बसली आणि तिनं डावा हात वर्नाच्या मांडीवर ठेवला. वर्नानं अंगठ्यानं गाठ चाचपली, कात्रीचं टोक अलगद खाली सरकवलं आणि निळा गोफ कापला. खिशातून दोन्ही रिळं काढली.

"हे हिरवंच आहे ना? बघून सांग."

"हिरवंच आहे."

वर्ना विणू लागली. पाण्यात मुलींचा कल्ला चालू झाला होता. वीण अर्धी झाल्यावर रोझॅननं विचारलं, "पुढच्या वर्षी तू नसणार?"

"नसणार."

"मग निळा कोण बांधेल?"

वर्नाची बोटं थांबली. "असेल कुणीतरी," ती म्हणाली. "चांगल्या डोळ्यांची. आणि आता हलू नकोस, गाठ घेतेय."

गाठ बसली. रोझॅननं ती ओढून पाहिली, उठली, टोपी कानांवर खाली ओढली.

"अजून किती दिवस आहेत?" तिनं विचारलं.

"कॅम्पाचे? दोन आठवडे."

"दोनच?" रोझॅन म्हणाली. "मग मला आत्ताच पाण्यात उतरायला पाहिजे."

आणि ती धक्क्याकडे गेली. दहा पावलांवर तिची टोपी बाकीच्या टोप्यांत मिसळली, आणि कोणती तिची ते वर्नाला कळेना. गेल तेवढी मोठ्यानं म्हणताना ऐकू आली, "पाय सोड, रोझॅन. मी आहे इथं. पाय सोड." मग एक वेडावाकडा छपछपाट सुरू झाला. वर्ना मान पुढं करून ऐकत बसली, आणि तो थांबेपर्यंत जागची हलली नाही.